लाइन येऊ नये म्हणून

आमच्या गावात भरदुपारी लाइन गेली की घराघरांतून शिव्या निघतात. वीजवाल्यांना, सरकारला, आणि हाताशी दुसरं कोणी सापडलं नाही तर माझ्या नवऱ्याला. तो लाइनमन आहे. पंखा थांबून पाच मिनिटं होत नाहीत तोच शेजारीण कुंपणावरून विचारते, "वो बाई, तुमच्या माणसाले विचारा ना, लाइन कवा येते त." मी "हो, विचारते" म्हणते आणि विणत राहते. त्या वेळी मी मनात देवाकडे जे मागत असते ते गावाला कळलं तर मला विहिरीवर पाणीसुद्धा भरू देणार नाहीत. मी मागत असते की लाइन येऊ नये. इतक्यात तर नकोच.

वारा नाही, वादळ नाही आणि दिवसाढवळ्या लाइन गेली तर ती बहुतेक वेळा मुद्दाम बंद केलेली असते. कुठेतरी तारेवर काम निघालेलं असतं. सबस्टेशनातला ऑपरेटर तेवढ्या गावांची लाइन बंद करतो, त्याला परमिट म्हणतात, आणि मग माणूस खांबावर चढतो. आमच्या पट्ट्यात तो माणूस माझा नवरा असतो. तो उतरून "करा चालू" म्हणेपर्यंत लाइन यायची नसते. म्हणजे आमच्या घरातला पंखा बंद आहे तोवर तारा मेलेल्या आहेत, आणि तारा मेलेल्या आहेत तोवर नवरा जिवंत आहे. हे गणित मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून घामानं पदर भिजला तरी मी बंद पंख्याच्या नावानं बोटं मोडलेली नाहीत.

सासरचं घर मुळात विणकरांचं. मोहाडी तालुक्यात आमच्यासारखी कोशाच्या रेशमाच्या साड्या विणणारी घरं अजून टिकून आहेत. आमच्याकडे खड्ड्याचा माग आहे, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. त्याला वीज लागत नाही. नवऱ्यानं हा माग सोडला आणि खांब धरला, ते सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "बसून खाचा धंदा सोडला अन् माकडावानी वर चढाले गेला," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. मग मागावर मीच बसले. नवरा वर, मी खड्ड्यात, आणि सासूबाई मधल्या पायरीवर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या.

नवऱ्याला काम शिकवणारा एक म्हातारा लाइनमन होता, आता रिटायर होऊन नातवंडं खेळवतो. त्याचे दोन नियम होते. पहिला साखळीचा. परमिट मिळालं तरी तारेला हात लावण्याआधी तिन्ही तारांना साखळी अडकवायची आणि तिचं टोक जमिनीत गाडायचं. साखळी जड, पुष्कळ जण तिचा कंटाळा करतात. पण कोणी चुकून लाइन सोडलीच तर वीज माणसाला टाकून साखळीतून जमिनीत जाते आणि सबस्टेशनातला खटका आपोआप पडतो. दुसरा नियम डब्याचा. परमिट घ्यायला स्वतः सबस्टेशनात जायचं आणि आपला जेवणाचा डबा ऑपरेटरच्या टेबलावर ठेवून यायचं. काम झालं की परत जाऊन डबा उचलायचा, मगच लाइन. डबा टेबलावर आहे म्हणजे माणूस उपाशी आहे, आणि उपाशी आहे म्हणजे वर आहे. म्हाताऱ्याचा डबा भंडाऱ्याच्या पितळेचा होता म्हणे, आणि ऑपरेटर त्याला हात लावायलासुद्धा घाबरायचे.

इकडे घरी पंखा फिरला की सासूबाई म्हणत, "डबा उघडला." मग आम्ही दोघी उठून पाणी प्यायचो. भीती तेव्हाही होती, खोटं कशाला सांगू. पण तिला एक सुरुवात आणि एक शेवट होता. पंखा थांबला की ती यायची, पंखा फिरला की जायची. मधल्या वेळात मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी विणायची. माझ्या सगळ्यात चांगल्या साड्या त्या काळातल्या आहेत.

मग घरात फोन आले. आधी त्याला आला. तक्रारी ग्रुपवर येऊ लागल्या, केलेल्या कामाचा फोटो टाकायचा नियम झाला, आणि परमिटसुद्धा फोनवरच मिळू लागलं. ऑपरेटरला कॉल करायचा, लाइन बंद करून घ्यायची, काम झालं की कॉल करून चालू करायला सांगायची. सबस्टेशनापर्यंत गाडी मारायची कटकट गेली. डबा टेबलावरून गाडीच्या हँडलला आला. साखळी मात्र त्यानं सोडली नाही. म्हाताऱ्याला दिलेला शब्द होता.

नंतर मलाही फोन आला. व्यापारी म्हणाला, नक्षीचे फोटो पाठवत जाईन, बाई, फोन घ्या. मी घेतला. नक्षीचे फोटो पाहायला शिकले आणि त्याबरोबर नवऱ्याच्या नावाखाली लिहून येणारं 'ऑनलाइन' आणि 'लास्ट सीन' पाहायलाही शिकले. कोणत्या मेल्यानं हे काढलं देव जाणे. लाइन गेली की माझा हात कमरेला खोचलेल्या फोनकडे जायचा. तो ऑनलाइन दिसला की वाटायचं, खांबावर असताना फोन कशाला काढला? ऑनलाइन नाही दिसला की वाटायचं, मघाशी होता, आता का नाही? मन चिंती ते वैरी न चिंती. पहिल्या भीतीवर उतारा म्हणून फोन पाहायचा आणि दुसरी भीती घेऊन खाली ठेवायचा, असा माझा उद्योग दिवसभर चालायचा.

त्यात ते व्हिडिओ. कुठल्या तरी राज्यात, कुठल्या तरी खांबावर चिकटलेला माणूस, खाली ओरडणारे लोक. माहेरच्या ग्रुपवर कोणीतरी टाकायचं, 'काळजी घ्या' असं वर लिहून. मी पाहू नये असं ठरवायची आणि पाहायची. दोनदा पाहायची. पहिल्यांदा त्या माणसाचा शर्ट आपल्या घरातला नाही ना हे पाहायला, आणि दुसऱ्यांदा का, ते मला आजही सांगता येत नाही. मग रात्री नवरा जेवायला बसला की त्याच्या हातांकडे बघत बसायची. त्याला वाटायचं भाजी वाढायची राहिली.

माग मात्र चोरी लपवत नाही. विणता विणता हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला की पहिला ठोका कमीजास्त बसतो आणि कापडावर आडवी रेघ उमटते. नजरेला पटकन दिसत नाही, उजेडात धरली की दिसते. सासूबाईंना तर उजेडही लागत नाही. त्या विणलेल्या कापडावरून बोट फिरवत म्हणाल्या, "येथं पाह्यला फोन. येथं पाह्यला. अन् येथं त लयच वेळ पाह्यला, कोणाचा व्हिडिओ होता वो?" मी रागावून म्हटलं, "तुमच्याच पोराची काळजी करून राहिली ना मी." त्या कांडी भरत राहिल्या. व्यापाऱ्यानंही एक साडी परत पाठवली. मी ती घरात ठेवून घेतली आणि फोन पाहणं तसंच चालू ठेवलं.

आणि मग ती दुपार आली.

रोवणीचे दिवस होते. भाताची रोपं, आमच्याकडचे परे, तयार होते आणि पावसानं दडी मारली होती, त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी पंपाचं पाणी आणि पंपासाठी लाइन. अशा दिवसांत लाइन बंद करणं म्हणजे लोकांच्या तोंडचा घास काढणं. पण तलावाजवळच्या खांबावर तार जळाली होती, ती जोडल्याशिवाय इलाज नव्हता. नवरा जेवण न करताच गेला. थोड्या वेळानं पंखा थांबला. मी धोटा फेकत राहिले. चार बोटं कापड निघालं असेल, तेवढ्यात हात कमरेकडे गेलाच.

तो ऑनलाइन होता.

मी पाहतच राहिले. ऑनलाइन. लाइन बंद, म्हणजे हा वर. आणि वर असून ऑनलाइन. मला त्याचा एक हात तारेवर आणि एक हात फोनवर दिसायला लागला. मी कॉल केला. उचलला नाही. पुन्हा केला. सासूबाई म्हणाल्या, "नोको करू, कामावर आहे तो." मी त्यांच्याकडे पाठ केली आणि पुन्हा केला. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की मी त्याला वाचवते आहे. शेवटी त्यानं उचलला.

"कुठी आहा तुम्ही?"

"वर आहो. ठेव फोन."

"वर आहा त ऑनलाइन काहून दिसून राहिले?"

"जळाल्या तारेचा फोटो मांगतला होता, तो टाकला. ठेव म्हणतो ना."

"वर बसून फोटो? एका हातानं? काही झालं म्हंजे?"

"अवो, तूच सोडून नाही राहिली, म्हणून उचलला मी फोन. झुल्यात बसून आहो, पट्टा बांधला आहे. ठेव आता, मी वर—"

माझ्या डोक्यावरचा पंखा फिरला.

कानात तो 'मी वर' म्हणत होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नव्हत्या, हे डोक्यात शिरायच्या आत फोनमधून धाडकन आवाज आला आणि फोन गप्प झाला. मग तोच आवाज बाहेरून आला, तलावाकडून. पंख्यानं अर्धा फेरा घेतला, त्याची गती मंदावली आणि तो थांबला. शेजारच्या घरातून कोणीतरी वैतागून ओरडलं, "आली अन् गेली बा!"

म्हाताऱ्या उस्तादाचं एक बोलणं नवऱ्यानं मला लग्नाच्या वर्षी हसत हसत सांगितलं होतं. लाइन येऊन गपकन गेली तर समजायचं, मधात कोणीतरी आलं. एक तर साखळी आली, नाहीतर माणूस.

खड्ड्यातून पाय वर काढायचे होते आणि ते माझं ऐकत नव्हते. सासूबाईंनी काखेत हात घालून मला ओढून काढलं. पंखा त्यांनीही पाहिला होता. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. सायकल काढली, अंगणातून बाहेर पडेपर्यंत दोनदा पडले. वाटेवर एक जण म्हणाला, "बाई, लाइन कवा—" आणि माझं तोंड पाहून बाजूला झाला.

ती वाट मी रोज जाते. त्या दिवशी ती संपेना. प्रत्येक खांबाकडे मी वर बघत होते आणि मला काय दिसेल त्याची इतकी भीती वाटत होती की जवळ आलं की डोळे मिटून घ्यायची. मी साखळीला नवस बोलले. देवाला नाही, साखळीला. आज आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र मी मोठ्यानं म्हणत होते, "साखळी, तू हो. तू हो मधात."

तलावाखालच्या धानाच्या बांधीत रोवणीच्या बाया कंबर सरळ करून एकाच दिशेला बघत होत्या. खांबावर कोणी नव्हतं. मी सायकल टाकली आणि धावले. नवरा खांबाच्या बुडाशी चिखलात गुडघ्यावर होता आणि दोन्ही हातांनी चिखल चाचपत होता. मला वाटलं, तडफडतो आहे. जवळ गेले तर तो मला म्हणाला, "फोन पडला वो. येथंच कुठीतरी पडला."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा घातला. मग मी तिथेच चिखलात बसले आणि रडायला लागले, बाया बघत होत्या तरी. खांबाच्या शेजारी साखळी जमिनीत गाडलेली होती तशीच होती, तिच्या भोवतीचं गवत करपून काळं झालं होतं. भर उन्हात तो थंडी वाजल्यासारखा कापत होता आणि तरीही चिखलात फोन शोधत होता. एका बाईनं तो शोधून दिला तेव्हा कुठे तो थांबला.

संध्याकाळी ऑपरेटर घरी आला. पोरगेलासा माणूस, नुकतं लग्न झालेलं. त्याचा चेहरा नवऱ्यापेक्षा पांढरा पडला होता. चहा दिला तर त्यानं तो न पिताच खाली ठेवला.

"गेटावर लोकं जमले होते, भाऊ," तो म्हणाला. "लाइन सोडा म्हणून बोंबलून राहिले होते. मी तुम्हाले फोन केला, काम कवा होते ते विचाराले. तुमचा फोन दुसऱ्या कॉलवर सांगे. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी म्हटलं, माणूस फोनवर बोलून राहिला म्हंजे उतरला असन. खांबावरून कोणी फोनवर बोलते का?"

त्या दुसऱ्या कॉलवर कोण होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो ऑपरेटरला म्हणाला, "मीच उचलाले नव्हता पाह्यजे फोन." सासूबाई आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. मी उंबऱ्यावर उभी होते. मला एवढंच समजत होतं की त्याच्या काळजीनं मी जो फोन केला त्यानंच ऑपरेटरला खुणावलं, उतरला आहे, सोड लाइन. ज्या माणसासाठी मी गावभरात एकटी लाइन येऊ नये म्हणून मागत होते, त्याच्यावर ती मीच आणली होती. हा विचार आजही आला की मी हातातलं काम ठेवून कशाला तरी धरते.

त्या ऑपरेटरनं परत जाताना दारात विचारलं, "वैनी, साखळी रोज लावते ना भाऊ?" मी मान हलवली. "लावू द्या," तो म्हणाला.

नवऱ्याचा फोन धुऊन पुसून सासूबाईंनी तांदळाच्या कोठीत खोल खुपसला. पाणी ओढून घेते म्हणे. तो तिथे वाळत होता तोवर नवऱ्याकडे फोनच नव्हता, त्यामुळे त्याला परमिट घ्यायला सबस्टेशनात स्वतः जावं लागलं. आणि तिथे गेल्यावर, मला वाटतं, हात आपोआपच डब्याकडे गेला असेल. त्यानं डबा ऑपरेटरच्या टेबलावर ठेवला. ऑपरेटरनं तो उचलून लाइन सोडायच्या हँडलच्या समोर सरकवला. फोन वाळून चालू झाला तरी मग त्यांनी तेच ठेवलं. आता डब्याच्या पिशवीतच फोनही जातो. वर जाताना नवऱ्याच्या खिशात पकड आणि तंबाखू, बाकी काही नाही. फोटो मागितला तर तो उतरल्यावर काढतो. साहेब एकदा कुरकुरले. नवरा म्हणाला, "साहेब, तुम्ही या वरते, काढून देतो फोटो." त्यानंतर साहेबांनी विषय काढला नाही.

म्हणजे आता कॉल करून उपयोग नव्हता. केला तर तो टेबलावर, भाजीपोळीच्या शेजारी वाजणार. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी माझा हात कमरेकडे जायचा. सवय मेली तरी तिचं भूत राहतं. एकदा मी खरोखरच लावला. ऑपरेटरनं उचलला आणि म्हणाला, "वैनी, फोन येथं आहे म्हंजे भाऊ वर आहे. मी खुर्चीवरून उठून नाही राहिलो." त्या दिवशी मी माझा फोनही नेऊन तांदळाच्या कोठीत घातला, नवऱ्याचा घातला होता त्याच जागी, कोपरापर्यंत हात जाईल इतका खोल. तेव्हापासून दिवसभर तो तिथेच, रात्री चार्जिंगपुरता बाहेर.

पहिले दिवस फार वाईट गेले. लोकांना वाटत असेल, फोन दूर ठेवला की मन शांत होतं. माझं झालं नाही. फोन होता तेव्हा भीतीला बघायला काहीतरी होतं. आता ती माझ्याकडेच बघत बसायची. कितीदा तरी मी काहीबाही कारण काढून कोठीपाशी जाऊन उभी राहिले. सासूबाई कांडीवरची नजर न उचलता विचारायच्या, "तांदूळ काढाले आली का फोन काढाले?" मी परत येऊन खड्ड्यात पाय सोडायची. एक धागा घालायचा, ठोकायचा. दुसरा घालायचा, ठोकायचा. भीती जात नव्हती, पण हात चालू राहिले की ती शेजारी बसून राहायची, अंगावर यायची नाही. एवढ्यावर मी भागवायला शिकले. कापडावरच्या रेघा हळूहळू कमी झाल्या. त्या दुपारी मागावर असलेल्या साडीला मात्र आडवा पट्टा आला, चांगला बोटभर रुंद. व्यापारी ती घेणार नव्हताच, मी दाखवलीही नाही. सणावाराला मी ती नेसते. पट्टा निऱ्यांत जातो.

दिवाळीआधी, धान कापणीला आलं असताना, भलत्या वेळी वादळ आलं. पहाटेपासून वारा, मग पाऊस, आणि उजाडायच्या आत सगळ्या तालुक्याची लाइन गेली. झाडं तारांवर, खांब वाकलेले. नवरा अंधारातच निघाला. मी घाईघाईनं डबा भरला, त्यानं पिशवीत फोन टाकला, साखळी गाडीला बांधली आणि गेला.

त्या दिवशी माझं जुनं गणित चालेना. लाइन वादळानं गेली होती, कोणी बंद केली नव्हती. तो आता कुठल्या खांबावर आहे, चढला की उतरला, एक काम झालं की दुसरं, काही कळायला मार्ग नव्हता. पंखा सकाळी बंद होता, दुपारी बंद होता. फांद्या ओल्या, खांब ओले, तो ओला. मी मागावर बसले. दार उघडं ठेवून जेवढा उजेड येईल तेवढ्यात विणत राहिले. जेवायला उठले नाही. सासूबाईही उठल्या नाहीत. शेजारीण येऊन विचारून गेली, "लाइन कवा येते म्हणे?" आणि माझ्याकडे एकदा बघून, का कोण जाणे, पुढे म्हणाली, "येऊ द्या हळूहळू. घाई नाही."

दिवस कलला. धागा दिसेनासा झाला. मी हातानं चाचपत चार धागे घातले आणि थांबले. घरात आवाज आला, तांदूळ सांडल्यासारखा. मी मागे वळून पाहिलं तर पायरीवर सासूबाई नव्हत्या. त्या कोठीपाशी होत्या, झाकण काढून, कोपरापर्यंत हात तांदळात घालून.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. आलं की काढू द्या. त्यांनी काढला तर तो दोष माझा नाही, आणि मला बघायला मिळेल. मग मी त्यांचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं मला टोचून बोलणारी ती बाई लहान मुलीसारखी घाबरलेली होती. तो माझा नवरा व्हायच्या कितीतरी आधीपासून त्यांचा मुलगा होता, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. पंखा पाहून पाणी पिणाऱ्या आम्ही दोघी होतो, आणि भीती फक्त मला वाटते असं मी धरून चालले होते.

"आई, राहू द्या," मी म्हटलं. "त्याचा फोन टेबलावर असन. वर आहे तो."

"वर आहे ना?"

"वर आहे."

मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढला नाही, फोनही काढला नाही. तसाच तांदळात हात ठेवून त्या कोठीला टेकून बसल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दिवा लावायचं दोघींना सुचलं नाही. बाहेर पाणी ठिबकत होतं. मी त्यांचा दुसरा हात धरला होता की त्यांनी माझा, ते आठवत नाही. हात गार होता.

पंखा फिरला. बल्ब लागला. आजूबाजूच्या घरांतून पोरांचा ओरडा उठला, "आली, आली!" आम्ही दोघी जागच्या हललो नाही. दोघींचे डोळे पंख्यावर होते. तो थांबतो का, येऊन जाते का, एवढंच आम्ही बघत होतो. पंखा फिरत राहिला. तरीही सासूबाई 'डबा उघडला' म्हणाल्या नाहीत. म्हणायची हिंमत त्यांना होत नव्हती, आणि मलाही नव्हती.

मग तांदळाच्या आत फोन वाजला. सासूबाईंचा हात तिथेच होता. त्यांनी तो बाहेर ओढला, तांदूळ घरभर उडाले, आणि फोन माझ्या हातात कोंबला. त्यावर नवऱ्याचं नाव होतं. पण फोन तर टेबलावर असतो, कोणीही तो उचलून लावू शकतं. मी फोन कानाला लावला.

"अवो," पलीकडून नवरा तोंडात घास घेऊन म्हणाला, "भाजीत मीठ दोनदा टाकलं का आज?"

टाकलं असेल. सकाळी अंधारात, घाईत डबा भरला होता. मी "हो" म्हटलं. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पापणी न हलवता.

"मीठ जास्त झालं म्हणते," मी त्यांना सांगितलं.

त्या खाली बसल्या आणि सांडलेले तांदूळ एकेक करून मुठीत गोळा करायला लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "उद्या कमी टाकजो."